झाडीने राखलेला रंगमंच

बुटीबोरी म्हटले की आज औद्योगिक वसाहत आठवते. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली ती याच वाटेने, कपाशीच्या मुलखातून. पण येथून पूर्वेला उमरेड, भिवापूर ओलांडले की कपाशी मागे पडते आणि धानाच्या बांध्या लागतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीची ही झाडीपट्टी.

घनदाट जंगल आणि वैनगंगेचे पूर यांमुळे पावसाळ्यात इथली कित्येक गावे एकमेकांपासून तुटत. बाहेरची करमणूक दुर्मीळ. म्हणून गावकरीच नट झाले. दंडार, खडी गंमत रंगली, पुरुषांनीच स्त्रीभूमिका केल्या, झाडीबोली जिवंत राहिली.

मात्र एकटेपणा एवढेच कारण आम्हांला पुरेसे वाटत नाही. धान हाती आले, दिवाळीनंतर मंडई भरली, पाहुणे जमले की रात्रभर नाटक चाले. प्रेक्षक घडवला तो या सुगीने. पुढे नाटक मंडळ्यांचे केंद्र झाले तेही रेल्वेस्थानक असलेले वडसा! २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीसाठी.

तेव्हा दुर्गमतेचे गोडवे गाऊ नयेत. रस्ता, दवाखाना यायलाच हवा. जपायची आहे ती सुगीनंतर सारा गाव एकत्र बसण्याची रीत.