डोक्यावरून गेलेली पऱ्हाटी

आबाजींच्या गोष्टींत पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, कमरेएवढीच असायची. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या आमच्या वावरात सहा-आठ तास कापसाचे, मग दोन तुरीचे, बाजूला ज्वारी, बांधाला अंबाडी. अळी आली तरी साळुंक्या आणि डवऱ्याच्या फेऱ्या यांवर निभायचं, असं ते सांगत. आजी लगेच आडवी जायची. "काऊन गोड करून सांगता जी? त्या कापसानं पोट भरलं का आपलं?" मला आजीचंच जास्त पटतं. गावरानी वाणाचा उतारा कमी, धागा आखूड. पोट भरत नव्हतं म्हणूनच तर पुढचं सगळं घडलं.

१९७० मध्ये सुरतेहून एच-४ हा संकरित कापूस आला, मागोमाग पोत्यातलं खत आणि बीएचसी या कीटकनाशकाची पावडर. आबाजी ती फडक्यात बांधून झाडावर झटकायचे, मातीनं हात चोळायचे आणि बांधावर बसून भाकर खायचे. वडिलांच्या काळात पाठीवर पंप आला. नव्वदच्या दशकात हिरवी बोंडअळी कशालाच दाद देईना, तेव्हा दोन औषधं एकत्र करायची सवय लागली. पंप नाल्यावर धुवायचे. नाल्यातले खेकडे कधी संपले, हे गावात कुणाला सांगता येत नाही. २००२ मध्ये बोंडअळीला तोंड देणारं बीटी कापसाचं बियाणं आलं आणि पहिली काही वर्षं फवारण्या खरोखर घटल्या. वडील ते आजही नाकारत नाहीत. पण तुडतुडे आणि पांढरी माशी बीटीला जुमानत नाहीत, आणि पुढे गुलाबी बोंडअळीही त्याला सरावली.

मग २०१७चा खरीप. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावरून गेली. कमरेएवढ्या झाडावर नळी खाली धरून फवारतात. इथं ती वर धरावी लागली आणि तुषार तोंडावर, डोळ्यांत, भिजलेल्या सदऱ्यावर उतरले. फवारणारा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या वावरातला मजूर, पंपामागे पैसे घेणारा. तो मध्ये थांबून अंग कशाला धुईल?

फवाऱ्यातली ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं शरीरातलं कोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतात. मग मज्जातंतूंचा इशारा थांबतच नाही: घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, शेवटी श्वास. यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयात शेकडो जण भरती झाले. जिल्ह्यात वीसहून अधिक दगावले. सरकारनं पाच कीटकनाशकांची विक्री ६० दिवस थांबवली, विशेष तपास पथक नेमलं. बोट मात्र मजुराकडेच वळलं: हातमोजे नव्हते, मास्क नव्हता. सप्टेंबरच्या दमट उन्हात ते प्लास्टिकचं किट घालून बोलणाऱ्यांपैकी कुणी एक पंप तरी मारून पाहावा. औषधं कोणती मिसळायची, हे कृषी केंद्राच्या गल्ल्यावर ठरतं. त्याचा जाब कुणी फारसा विचारला नाही. दगावलेल्यांपैकी दोघांच्या विधवा आणि एक वाचलेला शेतकरी २०२१ मध्ये थेट स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या न्यायालयापर्यंत गेले, तिथल्या कीटकनाशक कंपनीविरुद्ध.

वडिलांनी तेव्हापासून शेंडे खुडायला सुरुवात केली. झाड उंच जात नाही, फांद्यांना हवा लागते. खुडायला बाया लावाव्या लागतात आणि त्याची मजुरी एका फवारणीहून जास्त पडते. शेजारी हिशेब काढून दाखवतात. वडील ऐकून घेतात, आणि पऱ्हाटी छातीला लागली की पंप बाहेर काढत नाहीत.