हात लावायची परवानगी

केंब्रिजच्या सेंटर फॉर कम्प्युटिंग हिस्टरी या संग्रहालयात ऐंशीच्या दशकातला शाळेचा एक वर्ग मांडला आहे. टेबलांवर बीबीसी मायक्रो, सगळे चालू. मी सवयीने हात मागे बांधून उभा राहिलो.

यंत्र ओळखीचं होतं. १९८१मध्ये याच शहरातल्या एकॉर्न कंपनीने बीबीसीसाठी ते बनवलं. ‘बी’ मॉडेलची मेमरी अवघी ३२ केबी. भारत सरकारने १९८४मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ प्रकल्प काढला, तेव्हा हेच निवडलं. आमच्याही शाळेत आलं. चपला बाहेर काढून आत जायचं. कळफलकाला हात फक्त सरांचा. बिघडलं तर भरून देणार कोण, ही त्यांची धास्ती, आणि ती खोटी नव्हती. आम्ही वर्षभर बेसिकच्या आज्ञा वहीत उतरवून पाठ केल्या.

इथे शेजारची आठेक वर्षांची मुलगी वाटेल ती बटणं दाबत होती. ‘ब्रेक’ दाबलं, की ‘पीप’ करून यंत्र पुन्हा तयार. लिहिलेला प्रोग्रॅमसुद्धा जात नाही. ‘ओल्ड’ अशी आज्ञा दिली की परत येतो. हे वहीत नव्हतं.

मी बसलो. १० प्रिंट, पुढे माझं नाव. २० गोटू १०. पडदा नावाने भरला, वर सरकू लागला. थांबवायची घाई केली नाही.