इमर्जन्सीच्या डॉक्टरांना संशोधन का शिकवतात?

अपघात, हृदयविकाराचा झटका, विषबाधा, सर्पदंश अशा रुग्णांवर तातडीने उपचार करणारी शाखा म्हणजे आपत्कालीन वैद्यकशास्त्र, अर्थात इमर्जन्सी मेडिसिन. भारतात या शाखेला २००९ मध्ये स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली. तीन वर्षांच्या एमडी अभ्यासक्रमात रुग्णसेवेबरोबरच प्रबंधही लिहावा लागतो आणि संशोधन पद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो.

संशोधनाची गरज काय?

डोक्याला मार लागलेल्या रुग्णांना अनेक वर्षे स्टेरॉइड दिले जात असे. मेंदूची सूज उतरेल, हा त्यामागचा तर्क होता. ‘क्रॅश’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत १०,००८ रुग्णांवर त्याची पडताळणी झाली. २००४ मध्ये आलेल्या निकालानुसार, स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत दगावले. न मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण १७.९ टक्के होते. चांगल्या हेतूने दिलेले औषध घातक ठरत होते, पण एकेका रुग्णाकडे पाहून ते कुणाच्याही लक्षात येणे शक्य नव्हते.

२०१० मधील ‘क्रॅश-२’ चाचणीत भारतासह ४० देशांतील २०,२११ जखमी सहभागी होते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या स्वस्त औषधाने रक्तस्रावाच्या रुग्णांचे मृत्यू कमी होतात, हे त्यातून दिसले. मात्र ते दुखापतीनंतर तीन तासांच्या आत देणे महत्त्वाचे असते.

नेमके काय शिकवले जाते?

• प्रश्न मांडणे : ‘सर्पदंश’ हा केवळ विषय झाला. ‘रुग्णालयात पोहोचायला झालेला उशीर आणि व्हेंटिलेटरची गरज यांचा संबंध आहे का?’ हा संशोधनाचा प्रश्न झाला.
• रुग्णांची निवड : फक्त स्वतःच्या दिवसपाळीतले रुग्ण मोजले, तर रात्री येणारे सुटतात आणि निष्कर्ष चुकतो.
• नोंदी : केसपेपरवर वेळच लिहिली नसेल, तर नंतर ती शोधून सापडत नाही.
• संमती : रुग्ण बेशुद्ध असल्यास नातेवाइकांची संमती कशी घ्यायची, हे नैतिकता समितीच्या मंजुरीनुसार आधीच ठरवावे लागते.
• वाचन : ‘जर्नल क्लब’मध्ये नवे शोधनिबंध तपासून त्यातील त्रुटी शोधल्या जातात.

सगळेच डॉक्टर पुढे संशोधक होत नाहीत. पण ‘हे औषध आपण का देतो?’ या प्रश्नाचे उत्तर ‘आधीपासून देतात म्हणून’ एवढेच असू नये, यासाठी हे शिक्षण प्रत्येकाला लागते.