गांवची राखण आणि सरकारची चौकी

भाईंदराहून उत्तनकडे जाणाऱ्या वाटेवर मुर्धे, राई, मोर्वा अशीं गांवें एकास एक लागून आहेत. साष्टी बेटांतील या गांवांनीं तीन राज्यें पाहिलीं. १७३७ सालीं मराठ्यांनीं साष्टी पोर्तुगिजांकडून घेतली आणि १७७४ अखेर ती इंग्रजांकडे गेली. राज्यें बदललीं, पण रात्रीं चोर आला तर त्याला अडवावयाचें कोणीं, आणि माल गेलाच तर तो भरून द्यावयाचा कोणीं, हा प्रश्न प्रत्येक राज्यापुढें उभाच राहिला.

त्याचें जुनें उत्तर घाटावरच्या गांवगाड्यांत स्पष्ट दिसतें. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन साहेबानें १८१९ सालीं केलेल्या अहवालांत त्याचें वर्णन आहे. बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाची. त्याच्या हाताखालीं जागल्या. हा कोठें महार, कोठें रामोशी, कोठें भिल्ल असे. गांवांत कोण आला, कोण गेला, कोणाची चालचलणूक कशी, हें त्याला तोंडपाठ असावें लागे. चोरी झाली कीं तो पावलांचा माग काढी. माग शिवेपर्यंत पोहोंचला म्हणजे तो शेजारच्या गांवच्या जागल्याच्या हवालीं करावयाचा; पुढची जोखीम त्या गांवची. माग आपल्याच हद्दींत हरवला तर मात्र ऐपतीप्रमाणें भरपाई जागल्यानें द्यावयाची आणि उरलेली साऱ्या गांवानें. ज्याच्यापाशीं सर्वांत थोडें, त्याच्यावर पहिला भार! पूर्ण भरपाई क्वचितच वसूल होत असे, हें खरें. तरी ही रीत अन्यायाची आहे, असें खुद्द एल्फिन्स्टनलाही वाटलें. जुन्या गांवकीचे गोडवे गातांना हें सहसा विसरलें जातें.

१८६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानें पोलीस पाटलाचीं कामें ठरवून दिलीं. गुन्ह्याची वर्दी देणें, संशयितास पकडून पुढें पाठविणें हीं त्यांतलीं मुख्य. विशेष हें कीं, त्यावर ताबा ठेवला तो जिल्हा मॅजिस्ट्रेटचा. पाटलाची अशी सोय लागली. राखणदाराची मात्र दैना झाली. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ सालीं झाला आणि १९११ सालीं नव्यानें होऊन मुंबई इलाख्यालाही लागू झाला. ज्यांच्या वाडवडिलांनीं गांवें राखलीं, त्या रामोशांपैकीं कित्येकांना हजेरी देणें भाग पडलें. १९५२ सालीं तो कायदा गेला; रामोशी आज विमुक्त जातींत गणले जातात.

१९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमानें पोलीस पाटील वंशपरंपरेचा न राहतां नेमणुकीचा झाला. राईची वाट मात्र पुढें शहराकडे वळली. १९८५ सालीं मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, कालांतरानें राईही तींत आली, आणि २००२ सालीं महानगरपालिका झाली. १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर व वसई-विरार मिळून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. त्याच्यापाशीं शिपाई आहेत, गाड्या आहेत. पण जिन्यावर दिसणारा माणूस ओळखीचा कीं परका, हें शेजाऱ्यावांचून कोण सांगणार? म्हणूनच भाडेकरू ठेवतांना त्याची माहिती ठाण्यांत द्या, असें पोलीस घरमालकांस बजावतात. जागल्या हीच नोंद डोक्यांत ठेवीत असे. नोंद चुकली म्हणून चोरीचा माल भरून द्या, असें मात्र घरमालकास आतां कोणी म्हणत नाहीं.