शिशाचे माप: छर्ऱ्याच्या काडतुसातून शिसे हद्दपार होण्याचा इतिहास

छर्ऱ्याच्या बंदुकीची ओळख ज्या आकड्याने करून दिली जाते, तो आकडा मुळात शिशाचा आहे. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५३ ग्रॅम शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोरची. वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होते, म्हणून वीस बोरची नळी बारा बोरपेक्षा अरुंद. बारा बोरच्या नळीचा सुमारे १८.५ मिलिमीटर व्यास या हिशेबातूनच निघतो. पाणपक्ष्यांच्या शिकारीतून शिसे कसे गेले, याचा अमेरिकेतील इतिहास पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, कारण शिसे सोडायचे म्हणजे घरी काडतुसे भरणाऱ्याला वजन, आकार आणि दारूचे प्रमाण यांचे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले कोष्टकच बाजूला ठेवावे लागणार होते.

शिशाची ही मक्तेदारी त्याच्या गुणांमुळे होती. ते जड असल्याने हवेतून जाताना वेग टिकवून धरते, मऊ असल्याने नळीला इजा करत नाही आणि चुलीवरही वितळते. १६६५ साली रॉबर्ट हूक यांनी ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात छर्रे पाडण्याची एक रीत नोंदवली. तीत वितळलेल्या शिशात हरताळ, म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळे खनिज, मिसळून ते शिसे चाळणीसारख्या भांड्यातून पाण्यात सोडले जाई. आर्सेनिकामुळे थेंबाला शेपूट न येता तो गोल होई, तरी उंची कमी असल्याने पुष्कळ छर्रे चपटे निघत. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरातल्या विल्यम वॉट्स या नळकारागिराने ही उणीव ओळखली आणि थेंब उंचावरून पडू दिला तर तो हवेतच गोल होऊन निवतो, या तत्त्वावर १७८२ साली पेटंट घेतले. त्यानंतर छर्ऱ्यांसाठी मनोरे उभे राहू लागले. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १८२८ साली बांधलेला सुमारे ७१ मीटर उंचीचा विटांचा मनोरा आजही उभा आहे.

छर्रे स्वस्त आणि एकसारखे मिळू लागले, तरी ते बंदुकीत भरण्याचे काम बराच काळ शिकाऱ्याच्याच हाती राहिले. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यामुळे परिचित असलेल्या ठासणीच्या बंदुकीत दारू, चकती आणि छर्रे नळीच्या तोंडातून क्रमाने घालून गजाने ठासले जातात. या सगळ्या जिनसा एकाच नळकांड्यात बांधल्या की त्याचे काडतूस होते, आणि हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. बंदूक मागून उघडून त्यात काडतूस घालण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपात रूढ झाली. बार उडाल्यावर पितळेचे किंवा जाड कागदाचे नळकांडे शाबूत राही, त्यामुळे दारू पेटवणारी, एकदा जळलेली टोपी काढून नवी बसवावी आणि पुन्हा दारू, नमद्याची चकती व छर्रे भरून तोंड मिटवावे, ही काटकसर ओघानेच आली. अमेरिकेत ही काटकसर छंदाच्या रूपाने विसाव्या शतकातही टिकली. दलदलीच्या ओलाव्याने फुगणाऱ्या कागदी नळकांड्याच्या जागी १९६० पासून प्लास्टिकचे नळकांडे येऊ लागले, आणि विस्कॉन्सिन राज्यातील मेव्हिल गावी तयार होणारी काडतुसे भरण्याची यंत्रे घराघरांतल्या कामाच्या टेबलावर दिसू लागली.

या टेबलावरचे काम पाककृतीसारखे चाले. नळकांडे कोणते, टोपी कोणती, दारू कोणत्या जातीची व किती ग्रेन, चकती कोणती आणि छर्रे किती औंस, हे सारे छापील कोष्टकात दिलेले असे. ग्रेन हे सुमारे ६५ मिलिग्रॅमचे वजन. यंत्राच्या सरकत्या पट्टीला ठरावीक मापाचे भोक असे आणि पट्टी सरकवली की तेवढेच छर्रे खाली पडत. ते भोक शिशाच्या घनतेवर बेतलेले होते, याचा विचार करण्याची पाळी कोणावर आली नव्हती.

शिशाच्या दुष्परिणामांची जाण मात्र याच्या कितीतरी आधीची आहे. ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या साप्ताहिकाचे संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८९४ साली शिशाच्या विषबाधेने मरणाऱ्या पाणपक्ष्यांविषयी लिहिले. शिकारीच्या जागी वर्षानुवर्षे झाडलेले छर्रे पाणथळीच्या तळाशी साचत होते. बदकांना दात नसतात. पेषणी नावाच्या जाड स्नायूंच्या पिशवीत ती खडे साठवतात आणि त्या खड्यांवर दाणे भरडले जातात. चिखलात चोच घालणाऱ्या बदकाला छर्रा खड्यासारखा किंवा बीसारखा वाटतो, तो पेषणीत जातो, तिथल्या आम्लाने आणि घर्षणाने झिजतो आणि त्यातले शिसे रक्तात उतरते. मग पक्ष्याचे पंख ढिले पडतात, विष्ठा हिरवी होते, अंगावरचे मांस झडते आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत तो गवतात लपून मरतो. असा पक्षी एकेकटा मरतो आणि त्याला कोल्हे-गिधाडे लगेच संपवतात, त्यामुळे हे नुकसान बहुतेकांच्या नजरेला येतच नव्हते.

त्याचे मोजमाप हळूहळू होत गेले. अलेक्झांडर वेटमोर यांनी युटा राज्यातील खाऱ्या सरोवराच्या काठच्या दलदलींत अभ्यास करून १९१९ साली अहवाल प्रसिद्ध केला आणि मोजके छर्रे खाऊ घातलेली बदकेही मरतात, हे दाखवून दिले. १९३० च्या दशकात शिशात मॅग्नेशियम मिसळून पाण्यात आपोआप विरणारे छर्रे करण्याचा प्रयत्न झाला, पण तो बाजारापर्यंत पोहोचला नाही. १९५९ साली इलिनॉय राज्याच्या निसर्ग सर्वेक्षण संस्थेतील फ्रँक बेलरोझ यांनी ३६,००० हून अधिक पक्ष्यांच्या पेषण्यांची तपासणी मांडली. त्यांतल्या सुमारे ६.७ टक्क्यांत शिशाचे छर्रे होते, आणि उत्तर अमेरिकेतील पाणपक्ष्यांपैकी दरवर्षी दोन ते तीन टक्के या विषाने मरत असावेत, असा त्यांचा अंदाज होता.

पर्याय म्हणून पुढे आले ते मऊ पोलाद. ते विषारी नव्हते आणि महागही नव्हते, पण त्याची घनता शिशाच्या सुमारे दोन-तृतीयांशच होती. अमेरिकेत छर्ऱ्याचा क्रमांक १७ मधून वजा केला की इंचाच्या शंभराव्या भागात त्याचा व्यास मिळतो; ४ नंबरचा छर्रा ०.१३ इंचाचा, तर २ नंबरचा ०.१५ इंचाचा. शिशाच्या ४ नंबरच्या छर्ऱ्याइतका मारा पोलादाकडून हवा असेल तर दोन नंबर मोठा, म्हणजे २ नंबरचा छर्रा घ्यावा लागतो. एका औंसात शिशाचे ४ नंबरचे सुमारे १३५ छर्रे बसतात आणि पोलादाचे २ नंबरचे सुमारे १२५. संख्या जवळपास सारखीच राहते. मात्र त्या छर्ऱ्यांना काडतुसात बरीच जास्त जागा लागते. या जागेच्या टंचाईतूनच १९८८ साली बारा बोरसाठी साडेतीन इंच लांबीचे काडतूस बाजारात आले.

घरी काडतुसे भरणाऱ्यासमोरचा पेच याहून अवघड होता. शिशाचे छर्रे दारूच्या धक्क्याने थोडे दबतात आणि दाबाचा काही भाग शोषून घेतात. पोलाद दबत नाही, त्यामुळे नळीतला दाब एकदम चढतो. म्हणून शिशाच्या कोष्टकात शिशाच्या जागी तेवढेच पोलाद घालणे हा या कलेतला सर्वांत घातक अपराध ठरला, आणि सावकाश जळणाऱ्या दारूच्या आधारे पूर्ण नवी कोष्टके सिद्ध करावी लागली. कठीण छर्रा नळीला ओरखडू नये यासाठी जाड भिंतीचा प्लास्टिकचा पेला वापरात आला. तो अनेकदा अखंड मिळे आणि त्याला चिरा पाडण्याचे काम भरणाऱ्यालाच करावे लागे. त्या पेल्याची घसरण सुलभ व्हावी म्हणून काही जण त्यावर अभ्रकाची पूड चोळत. यंत्राच्या अरुंद नळीत मोठे पोलादी छर्रे एकमेकांत अडकून कमान धरत, त्यामुळे एका काडतुसात छर्रे कमी पडत आणि पुढच्यात जास्त. पट्टीवर विसंबून चालणाऱ्यांना काट्यावर वजन करणे किंवा छर्रे मोजून भरणे शिकावे लागले.

या अडचणींनी विरोधाला धार आली. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने १९७६ पासून अटलांटिक किनाऱ्यालगतच्या स्थलांतर मार्गावरील काही भागांत पोलाद सक्तीचे केले. तेव्हा हलक्या छर्ऱ्यांनी पक्षी जागीच न मरता जखमी होऊन निसटतील, जुन्या बंदुकांच्या नळ्या बिघडतील आणि घरी भरण्यासाठी लागणारी सामग्रीच मिळत नाही, असे आक्षेप घेतले गेले. सुरुवातीची काही काडतुसे ओलाव्याने गंजून त्यांतले छर्रे गोळा होत, त्यामुळे या तक्रारी निराधार म्हणता येत नव्हत्या. १९७८ साली अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स यांच्या दुरुस्तीने राज्याच्या संमतीशिवाय या नियमाची अंमलबजावणी करता येणार नाही, अशी तरतूद झाली आणि काम रेंगाळले. त्याला गती दिली ती गरुडाने. बाल्ड ईगल हे अमेरिकेचे राष्ट्रीय प्रतीक. तो जखमी आणि मेलेली बदके खातो, त्यामुळे त्यांच्या अंगातले शिसे त्याच्याही पोटात जाते. याच मुद्द्यावर नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशन ही संस्था १९८५ साली न्यायालयात गेली. त्यानंतर सरकारने टप्प्याटप्प्याने बंदीचा आराखडा आखला आणि १९९१ च्या हंगामापासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसे देशभर बंद झाले. नियमाने शिशाची काडतुसे झाडणे तर बंद केलेच, पण शिकारीच्या वेळी ती जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले, आणि ठासणीच्या बंदुकीचे सुटे छर्रेही त्यातून वगळले नाहीत.

बंदीनंतर पर्याय वाढले. बिस्मथमध्ये थोडे कथील मिसळून केलेल्या छर्ऱ्यांना १९९७ साली कायमची मान्यता मिळाली. त्यांची घनता शिशाच्या जवळ आणि कठीणपणा कमी असल्याने जुन्या बंदुका पुन्हा वापरता आल्या, पण ते ठिसूळ असल्याने त्यांच्या फटींत प्लास्टिकची बारीक पूड भरून त्यांना आधार देण्याची रीत पडली. पुढे टंगस्टनचे मिश्रधातू आले. त्यांतले काही शिशाहून बरेच जड असल्याने शिशाच्या छर्ऱ्याहून लहान छर्रा पुरेसा ठरू लागला. पोलाद ओळखायला वन्यजीव अधिकाऱ्याला खिशातले लोहचुंबक पुरत असे. बिस्मथ चुंबकाला चिकटत नसल्याने तपासणीची ती सोपी युक्ती अपुरी पडू लागली.

इतर देशांनी आपापल्या गतीने हा मार्ग धरला. डेन्मार्कने १९९६ साली शिशाच्या छर्ऱ्यांवर सरसकट बंदी घातली, आणि युरोपीय संघात पाणथळींतील वापर फेब्रुवारी २०२३ पासून बंद झाला. भारतात हा प्रश्न वेगळ्या वाटेने संपला. भरतपूरच्या पाणथळीत १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले, अशी नोंद तिथल्या शिलालेखावर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला, आणि परवान्यावरची उरलीसुरली शिकारही १९९१ च्या दुरुस्तीने जवळपास पूर्ण थांबली. अमेरिकेने ज्या वर्षी बदकांच्या शिकारीतले शिसे बंद केले, त्याच वर्षी भारताने ती शिकारच बंद केली.

बंदीचा उपयोग झाला का, याचे उत्तर आकड्यांत मिळते. मिसिसिपीच्या स्थलांतर मार्गावरील बदकांच्या पेषण्या तपासून २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मॅलार्ड बदकांचे शिशाने होणारे मृत्यू ६४ टक्क्यांनी घटले असावेत आणि १९९७ च्या एका हंगामात उत्तर अमेरिकेत सुमारे १४ लाख बदके वाचली असावीत, असा अंदाज मांडला गेला. ग्रिनेल यांच्या लेखापासून देशव्यापी बंदीपर्यंत ९७ वर्षे गेली. या काळात विषबाधेचे कारण माहीत नव्हते असे कधीच झाले नाही. कमतरता होती ती शिशाशिवाय भरता येईल अशा काडतुसाची आणि त्याच्या कोष्टकाची, आणि ते कोष्टक तयार करण्याची निकड कायद्यानेच निर्माण केली. आज पोलादाने किंवा बिस्मथने भरलेल्या काडतुसाच्या बुडावरही बाराच आकडा कोरलेला असतो, आणि तो अजूनही एक पौंड शिशाच्या बारा गोळ्यांचाच हिशेब आहे.