खानदेशी घराचे सानं

कौलारू घरांत वाढलेल्या आम्हांला शिंदखेड्याच्या जुन्या वस्तीत प्रथम नवल वाटले ते धाब्याच्या सपाट छतांचे. सागवानी तुळया, त्यांवर कड्या, काटक्या, मातीचा जाड थर आणि पावसाळ्याच्या तोंडावर पसरलेली खारी. कफर्णहूमात छत उकरून पक्षघाती माणसाला खाली सोडल्याची कथा (मार्क 2:4) येथे समजावून सांगावी लागत नाही!

या छताला राखलेले भोक म्हणजे सानं. त्यातून उजेड येई, चुलीचा धूर जाई. तापलेली हवा हलकी होऊन वर चढे, सान्यातून निसटे आणि तिच्या जागी दारातून गार हवा ओढली जाई. पाऊस आला की त्यावर घमेले पालथे पडे.

1829 साली लंडनच्या हेन्री पामर या अभियंत्याने नालीदार पत्र्याचे पेटंट घेतले. कालांतराने तो पत्रा खानदेशातही आला, मागाहून स्लॅब. मातीबरोबर सानंही गेले. माती ऊन अडवून धरी; पत्रा पाहता पाहता तापतो. त्याखालच्या बंद माळ्यावर मे महिन्यात क्षणभर उभे राहवत नाही, आणि ती धग रात्री खाली निजलेल्यांनाही छळते.

अमेरिकेतील बांधकाम-नियमांत माळ्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेव्या भागाइतकी वाट हवेसाठी ठेवण्याचा दंडक आढळतो. म्हणजे 300 चौरस फुटांच्या माळ्याला 2 चौरस फूट, काही वळचणीशी, काही आढ्याजवळ. हातभर लांबरुंद सान्याचे माप जवळपास तेवढेच भरते! एका घरी आम्ही आढ्याखाली भिंतीत जाळी बसविण्याचे सुचविले.

“चोर शिरेल, फादर,” आजीबाई म्हणाल्या.

“सान्यातून शिरला होता का कधी?”

“नाही. मांजर तेवढी उतरायची.”