तीरकामठा आणि केळीचा खांब

गेल्या महिन्यात सलग तीन दिवस सुट्टी मिळाली आणि मी लॅपटॉप पुण्यातच ठेवून जळगावला पळालो. एका मित्राची केळीची बाग आहे यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे राखणीला एक पावरा बाबा असतात, सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या झोपडीत कुडाला तीरकामठा टांगलेला दिसला आणि माझ्यातला दहा वर्षांचा पोरगा जागा झाला.

"बाबा, चालवून पाहू का?"

"पाहा ना. हात सांभाळ फक्त."

घड उतरवलेला एक केळीचा खांब वीस पावलांवर उभा केला. पहिला तीर माझ्याच पायाशी. दुसरा कुठे गेला ते सातपुड्यालाच ठाऊक. तिसऱ्याला दोरीने डाव्या हाताची साल काढली. बाबा म्हणाले, "हातानं नको ओढू, पाठीनं ओढ." ओढलं. थप्प! तीर खांबात. अहो, प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालला तरी इतका आनंद होत नाही!

मग नीट पाहिलं. कामठा बांबूचा, आणि दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची पट्टी. म्हणजे स्पेअर पार्ट दाराबाहेर उगवतो. मासे मारायच्या तिरांचं टोक पूर्वी सैल बसवत. मासा लागला की टोक सुटायचं, त्याला बांधलेला दोरा उलगडायचा आणि काडी पाण्यावर तरंगून मासा कुठाय ते सांगायची. याला 'मागासलेलं' कोण म्हणेल? दोरी ओढायला पहिली दोन बोटं, अंगठ्याचं काम नाही. इथे एकलव्याची गोष्ट हमखास निघते. पण गंमत अशी की ऑलिंपिकमधले तिरंदाजही अंगठ्याने दोरी ओढत नाहीत.

आता थोडा इतिहास. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीकडे गेला, पण डोंगर काही गेला नाही. भिल्ल नाईकांपुढे पलटणी दमल्या. शेवटी एल्फिन्स्टनच्या धोरणानुसार १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल कोअर उभी केली. हो, आपलं जळगावजवळचं धरणगाव! त्याने भिल्लांबरोबर वाघांची शिकार केली, विश्वास मिळवला आणि त्यांच्या हाती कंपनीची बंदूक दिली. बंदूक कितीही भारी असली, तरी तिची दारू सरकारी कोठारातून यायची. कामठ्याला असं कोठार लागत नव्हतं. ज्याच्या हाती पुरवठा, त्याच्या हाती माणूस. व्हेंडर लॉक-इन हा शब्द आपण उगाच नवा समजतो.

पुढे सेंधवा घाटाची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये कंपनीवर उलटला. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला लढाई झाली, तेव्हा समोरच्या फौजेत याच भिल्ल कोअरचे शिपाई होते. भिल्ल दोन्ही बाजूंना. शाळेत आम्हाला १८५७ म्हणजे मेरठ, कानपूर, झाशी. घरापासून दिवसभराच्या अंतरावरचं आंबापाणी कुणी सांगितलं नाही.

असो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. पण त्यामुळे कामठ्याला रोजचं काम उरलं नाही. बाबांना विचारलं, नातवाला येतो का? "तो शिरपूरला शिकतो. त्याला मोबाईल येतो." बोलताना हसले, पण कामठा हातात घेऊन बराच वेळ पुसत बसले. हा त्यांनी स्वतः केलेला शेवटचा.

"मला शिकवाल का करायला?"

त्यांनी माझ्या सोललेल्या हाताकडे पाहिलं. "बांबू थंडीत कापायचा असतो. तेव्हा ये. नातवालाही बोलावतो."

डिसेंबरची रजा आजच टाकली आहे. मॅनेजरला कारण लिहिलंय: घरगुती काम.